गुणाजी परबांच्या टीव्हीचे उद्यापन

शके एकोणीसशे सात, क्रोधन नाम संवत्सर, कार्तिक शुद्ध द्वादशी, रविवार. ते दिवशी घाटकोपर प्रांती, मौजे भटवाडी येथे, गुणाजी परब यांचे खोलीत जो मामला गुदरला, तो पाहणारांनी सांगितला तैसा लिहिला आहे. पदरचे मीठ घातले नाही. वाचणारांनी चित्त देऊन वाचावे, मध्येच उठून दूध तापवावयास जाऊ नये.

गुणाजी परब मूळचे कुडाळ प्रांतीचे. बावीस वर्षे गिरणीची चाकरी इमानेइतबारे केली, आणि गिरणी बंद पडली, आणि मग पवईस एका कारखान्याचे दरवाजावर पहाऱ्यास राहिले. गिरणीत शेकडो माणूस त्यांस नावाने हाक मारी. पवईस साहेबांच्या मोटारी हाक न मारता निघून जात. खोलीत एक टीव्ही, कृष्णधवल, लाकडी पेटीचा, सरकत्या दारांचा, कुलपासहित, एवढी दौलत राहिली. रविवारी पावणेसहास सिनेमा लागे. दोन्ही मजल्यांची रयत जमा होई, आणि मग गुणाजी स्वहस्ते कुलूप काढीत, आणि कोणी चटईवर बसावे, कोणी पलंगाखाली शिरावे, याचे हुकूम देत. त्या तीन तासांत ते कोणाचेच पहारेकरी नसत.

ऐसे असता आषाढी एकादशीस विपरीत घडले. बायका चातुर्मासाचे नियम बोलावयास नळापाशी जमल्या. गुणाजींचे कुटुंब शेवंतीबाई दरसाल वांगे सोडीत. त्यावर शेजारीण वनमालाबाई बोलली, "वांगं तुला कुठे आवडतं गं? अंगाला खाज सुटते तुझ्या. जीव अडकलाय ते सोड, मग विठोबाला पण कळेल."

शेवंतीबाई मानी. शब्द जिव्हारी लागला, आणि मग भरल्या हंड्यावर हात ठेवून, चारचौघींदेखत, त्यांनी टीव्ही सोडला. पेटीस कुलूप पडले आणि किल्ली देव्हाऱ्यात विठोबाचे पायाखाली गेली.

गुणाजींस ही खबर कामावरून परतल्यावर लागली. त्यांनी चहाची बशी तशीच खाली ठेविली. मग म्हणाले, "वांग्यात काय वायट होता?"

त्यात आणखी एक चूक निघाली. बाईंनी मनात चार महिने धरले होते. चाळीची सदर अदालत म्हणजे सुंदराबाई, वय ऐंशी, दात दोन. त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर नातसुनेकडून वाचवून घेतले आणि फर्माविले की यंदा श्रावण दोन आहेत, सबब मुदत पाच महिन्यांची. बोललेला नियम माघारी घेता येत नाही.

ही संधी समोरचे चाळीतील चंद्रप्रकाश शेलार, बँकेतील कारकून, यांनी साधली. गणपतीपूर्वी रंगीत टीव्ही आणिला. रयत तिकडे वळली. दोष कोणास द्यावा? पाणी ज्या नळास, हंडा त्या नळास. गुणाजींस स्वतः नियम नव्हता, जाण्यास मोकळीक होती. परंतु जो आपले दरबारी लोकांस बसवी, त्याने परक्या दारी चपला काढाव्या, हे त्यांस रुचेना. तेव्हापासून दर रविवारी ते गॅलरीत उभे राहून समोरची गाणी ऐकत राहिले. कोणी विचारल्यास वारा घेतो ऐसे सांगत. हा दरबार पुन्हा भरेल की नाही, हा घोर त्यांस होता, तो त्यांनी बायकोसही सांगितला नाही.

कार्तिकी एकादशी गेली. द्वादशीचा रविवार उजाडला. गुणाजींनी पाळी बदलून घेतली, गच्चीत जाऊन अँटेना वरळीचे टीव्ही मनोऱ्याचे रोखाने बांधली, पेटी पुसली, आणि पुन्हा पुसली. इतक्यात सुंदराबाई काठी टेकीत स्वारी करून आल्या.

"शेवंते, वांगा सोडलंस तेवा उद्यापनाक काय दिलंस?"

"वांगी दिली, आजये."

"मीठ सोडता ती मीठ देता. जा सोडला ता दान केल्याबिगर नेम फिटणा नाय. मगे आता?"

सर्वांची नजर पेटीकडे गेली. गुणाजी किल्लेदार दरवाजा अडवितो तैसे पेटीपुढे आडवे झाले.

"आजये, माका दान दी. हेका हात लावू नको."

"तुका कोण घेतलो?" सुंदराबाई म्हणाल्या.

मग खलबत बसले. दोन प्रहर टळले, जेवणे निवाली, तोड निघेना. अखेर शेवंतीबाई शांतपणे बोलल्या, की आपण खोका सोडला नव्हता, सिनेमा पाहणे सोडले होते. तर पाहणेच दान करू. सुंदराबाईंनी मशेरी तोंडात फिरवीत विचार केला आणि मंजुरी दिली, मात्र एका कलमावर: दिले दान घेणे नाही. आजचा सिनेमा लोकांचा. परब उभयतांनी तो डोळ्यांनी पाहू नये.

गुणाजींनी मान लवविली. किल्ल्याकरिता एक बुरूज गेला, इतकेच.

लागलीच वनमालाबाई अक्षता घेऊन दारोदार रवाना झाली. आगही तिनेच लाविली होती. शेलारांचे दारी चंद्रप्रकाश म्हणाले, "वहिनी, आमच्याकडे रंगीत आहे ना, यार."

"दानाला रंग बघतोस? आलेलं दान नाकारलं तर पाप कुणाला, मला की तुला? चल गुमान, बायकोलाही घे."

पावणेसहास दोन्ही चाळींची फौज दाखल झाली. शेवंतीबाईंनी प्रत्येकाचे तळहातावर पाणी सोडून तुळशीपान ठेविले आणि त्या मोरीपाशी भांडी घासावयास गेल्या. गुणाजींनी किल्ली काढिली, दारे सरकविली, आणि पेटीशेजारी पाठ करून, लोकांकडे तोंड करून बसले. प्रथम मुंग्या आल्या, मग चित्र आले. हे त्यांनी लोकांचे चेहऱ्यांवरून जाणिले. मारामारी झाली तेव्हा चाळीस माना एकदम डावीकडे कलल्या. सिनेमातील आई रडली, तेव्हा चंद्रप्रकाशांनी रुमाल काढिला. सुंदराबाईंनी खलनायकास नावे ठेविली, ती येथे लिहिता येत नाहीत. पलंगाखालून कोणी ओरडले, "काका, ह्याला सांगा ना, डोकं मध्ये घालतोय." गुणाजींनी न वळता हुकूम दिला आणि तो तामील झाला.

मध्ये बातम्या लागल्या, तेव्हा चंद्रप्रकाश जवळ सरकले.

"आमच्या घरी कोणी बोलतच नाही हो, सतरंजी मळेल म्हणून ही ओरडते सारखी. पुढल्या रविवारी किती वाजता उघडता?"

"साडेपाचला या," गुणाजी म्हणाले. "चटई तुमची आणा."

येणेप्रमाणे पाच महिन्यांचे मोहिमेअंती मुलूख हस्तगत झाला, शत्रू चटईसह दाखल झाला, आणि परबांचा अंमल पूर्ववत बसला. ते दिवशीचे सिनेमात शेवट काय झाला, हे परब उभयतांस आजतागायत ठाऊक नाही. वनमालाबाई दुसरे दिवशी सांगू लागली, तेव्हा गुणाजींनी कानांवर हात ठेविले. दान ते दान. कळावे.