गणोजी शेकरूची मोक्याची ढोली

एका जंगलात, बाळांनो, जागेला भाव आला. आता जंगलात जागेला काय तोटा, झाडंच झाडं! पण भाव आला म्हणजे आला. मध्ये बोलू नका.

त्या जंगलात गणोजी नावाचा शेकरू राहायचा. ती लांब झुबकेदार शेपटीची मोठी खार असते ना, तोच. उंबराच्या झाडात त्याची वडिलांपासूनची ढोली होती. दारातून मान बाहेर काढली की तोंडात उंबर. बायको चिमा पोटुशी होती. सगळं कसं छान चाललं होतं आणि तिथेच माशी शिंकली.

एके सकाळी सातभाई पक्षी आले. हे धंद्याने दलाल. बोलायचे सातही जण एकदम, आणि दलालीही सात जागी घ्यायचे.

"गणोजीराव, एवढ्या मोक्याच्या जागेत तुम्ही नुसते राहता?"

"मग काय करू?"

"अहो, भाड्याने द्या! रोजची वीस उंबरं कुठे गेली नाहीत. राहून राहून केवढं नुकसान करून घेताय!"

गणोजीच्या तोंडातलं उंबर खाली पडलं. अरे देवा, जन्मल्यापासून आपण नुसतं राहतोय!

मग सातभाईंनी त्याला जंगलभर भाव दाखवत फिरवलं. डोंगरमाथ्यावर ढोल्या स्वस्त, रोजची पाच उंबरं. वारा मात्र सोसाट्याचा.

"हवेशीर आहे," सातभाई म्हणाले.

पाणवठ्यावर भाडं चढं होतं, पण भाडेकरू टिकत नव्हते.

"का हो?"

"बिबट्या पाण्याला येतो ना. पण मालकाची चैन आहे! सारखा नवा भाडेकरू, नवी अनामत. आणि जुनी अनामत परत मागायला कोणी येत नाही."

गणोजीने मान डोलावली. बिबट्याकडे या नजरेने त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

हिशेब सोपा निघाला. उंबरातली ढोली विसाला द्यायची, आपण डोंगरावर पाचात राहायचं.

"बाळं होईपर्यंत तरी थांबा हो," चिमा काकुळतीला येऊन म्हणाली. "घर आहे ते आपलं."

"तुला बाजारातलं काही कळत नाही."

भाडेकरू मिळाले ते धनेश पक्ष्याचं जोडपं, अगदी सोज्वळ. धनेशीण आत गेली आणि तिने रीतीप्रमाणे आतून दार लिंपून टाकलं. चोच बाहेर येईल एवढी फट ठेवली. पिल्लं मोठी होईपर्यंत ती काही बाहेर येत नाही. ही रीत सगळ्या जंगलाला ठाऊक होती. गणोजीने फक्त भाड्याचं विचारलं होतं.

भाडं मात्र चोख यायचं. धनेश त्याच झाडाची वीस उंबरं डोंगरावर आणून द्यायचा. पाच तिथल्या मालकाला जायची, सात सातभाईंना. उरायची ती गणोजी साठवून ठेवायचा. पूर्वी हीच उंबरं तो दारात बसून पोटभर खायचा. पण ते नुसतं खाणं होतं, हे उत्पन्न होतं.

चिमाला दोन बाळं झाली. वाऱ्याने ती काकडून गेली. एक तर उडता उडता वाचलं.

"माझं घर मला परत आणून द्या!" चिमा रडत म्हणाली.

गणोजी धावत उंबरावर गेला. धनेश बिचारा ओशाळला.

"दिलं असतं हो रिकामं करून. पण दार कुठाय?"

फटीतून चोच बाहेर आली. "हळू बोला. अंडी उबवतेय."

आता सातभाईच आधार. ते म्हणाले, "नशीबवान आहात! पाणवठ्यावरची ढोली कालच रिकामी झाली."

गणोजीने साठवलेली सगळी उंबरं अनामत म्हणून मोजली. पाणवठ्यावर पोचताच चिमाने झाडाच्या बुंध्यावरचे बिबट्याच्या नखांचे ओरखडे पाहिले. तिने एक बाळ तोंडात धरलं आणि लांबच्या उंच हिरड्यावर नेलं. तिथे डहाळ्या-पानांचं घरटं रचलं. मग दुसऱ्या बाळाला न्यायला आली.

"चला तुम्हीही. तिथे भाडं नाही."

"वेड लागलंय का? अनामत बुडेल!"

ती गेली. गणोजी अनामत सांभाळत बसला. संध्याकाळी बिबट्या पाण्याला आला.

दुसऱ्या दिवशी धनेश नेमाने भाडं घेऊन आला. घ्यायला कोणी नव्हतं. म्हणून सातभाईंनी घेतलं.

तात्पर्य: गणोजीला बाजार बरोबर कळला होता, बाळांनो. पाणवठ्यावर पैसा आहेच, फक्त तिथे आपण राहायला जायचं नसतं. ती ढोली सध्या रिकामी आहे. चौकशी सातभाईंकडे करावी.