तिजानीकाकांची गच्चीवरची थाळी

रमजान तोंडावर आला असताना तिजानीकाकांनी ठरवलं, की यापुढे घरातल्या कासवांना शिळा पाव घालायचा नाही. बस, एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीपायी ट्युनिशियातल्या बिझर्त शहरात, जुन्या बंदरामागच्या त्या गल्लीत जो काही गहजब झाला, तो लोक अजून चवीनं सांगतात. (काका सोडून.)

काका म्हणजे होड्यांच्या फटी बुजवण्यात हयात घालवलेला माणूस. काम सावकाश, चालणं सावकाश, बोलणं तर त्याहून सावकाश. सुलताना आणि वजीर ही दोन पाणकासवं त्यांच्या अंगणातल्या हौदात कैक वर्षं होती. घरात कासव असलं की दृष्ट लागत नाही, म्हणून ठेवलेली. ताटात उरेल ते त्यांचं: पाव, कुसकुस, तळणीतला चुरा. दोघं खाऊन खाऊन अशी फुगली होती, की पाय आत ओढले की मान बाहेर यायची. आणि एक दिवस सुलतानाची पाठ काकांच्या अंगठ्याखाली दबली. भिजल्या पुठ्ठ्यासारखी.

"हे कासव आहे की कचऱ्याची टोपली?" जनावरांच्या डॉक्टरीणबाई कडाडल्या. "पाव बंद. कोवळा पाला, गाजराचा कीस, काट्यासकट बारकी मासळी, कुरतडायला समुद्रफेसाचा तुकडा. आणि जेवण भर उन्हात. अंग तापल्याशिवाय यांचं पोट चालत नाही. ऊन उतरल्यावर घातलंत तर आतच कुजेल, आणि मग ही म्हातारी काही वाचत नाही."

अंगणात ऊन कुठलं? काकांनी मोठा टब गच्चीवर कठड्याच्या आडोशाला मांडला आणि दोघांना वर नेलं. तेवढ्यात रमजान लागला.

आता चित्र बघा. सारी गल्ली रोज्यानं सुकून गेलेली, दारं ओढून लोक पडलेले, आणि तिजानीकाका झाकलेली थाळी घेऊन जिना चढताहेत. वर गेले की वाळत घातलेल्या चादरींमागे पाठमोरे बसायचे. सुलताना नवं जेवण बघून तोंड फिरवायची, तिला पावाची चटक. मग काका आर्जव करायचे, "खा गं माझी राणी, एवढा काटा तरी चाव." दात नसल्यामुळे बोलताना त्यांचा जबडा खालीवर व्हायचा. अर्ध्या घटकेनं काका मिशा पुसत खाली यायचे. (मिशा पुसायची खोड जुनी. पण सांगणार कोण?) थाळी रिकामी, हाताला मासळीचा वास.

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला आलेल्या मन्नूबियाला काय दिसलं? पाठ, जबडा आणि थाळी. कासवं तर अंगणातल्या हौदात असतात, हे साऱ्या गल्लीला ठाऊक.

"काका, तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत."

"नाही, म्हटलं, या वयात नाही झेपत. आजाऱ्याला देवानंच सूट दिलीय. लपायचं कशाला?"

काका मान डोलावून जिना उतरू लागले. बोलण्याचा अर्थ डोक्यात शिरला तेव्हा ते शेवटच्या पायरीवर होते. तिथंच ते बसले.

"अहो, सांगून टाका ना कासवांचं," त्यांची बायको महरेझिया म्हणाली. "एका वाक्याचं काम."

"का सांगू? मिसरूड फुटलं तेव्हापासून एक रोजा चुकवला नाही. आता माझ्या रोज्याला साक्षीदार म्हणून कासव उभं करू?"

"मग मी सांगते."

"सांगून तर बघ! रोजा माझा आणि देवाचा. ही मन्नूबिया मध्ये कुठून आली?"

दुसऱ्या दिवसापासून काकांनी थाळीवरचं झाकण काढलं. मासळी बाजारातून आणताना पिशवीत नाही, हातात शेपट्या धरून आणू लागले. गल्लीच्या मधून, सावकाश, प्रत्येक दारासमोर जरा थांबून. "सलाम, बंधूंनो," म्हणायचे. बंधू खाली बघायचे.

इथवर काकांना मजाच येत होती. पण मशिदीच्या दारात संध्याकाळी एक खजुरांचं ताट घेऊन उभं राहायचं असतं. बांग झाली की येणाजाणाऱ्यानं त्यातला खजूर उचलून रोजा सोडायचा. ते ताट वर्षानुवर्षं काकांच्या हातात असायचं. दुसरा कसला मान त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता, आणि नकोही होता. त्या शुक्रवारी ते पोचले, तर ताट मन्नूबियाच्या नवऱ्याच्या, लतीफच्या हातात.

"तुमच्या गुडघ्यांना त्रास नको म्हणून, काका," लतीफ ताटाला म्हणाला.

"गुडघ्यांनी माझ्या कुठला रोजा मोडला रे?"

लतीफनं ताट पुढच्या माणसापुढे धरलं. काकांनी घरी येऊन शोरब्याचं भांडं तसंच झाकून ठेवलं.

सकाळी ऊन चढताच त्यांनी दारं ठोठावली. लतीफ, मन्नूबिया, आणि बांग देणारा खमीस, तिघांना गच्चीवर आणलं.

"बघा आता डोळे फाडून! कोण जेवतं ते."

तिघं टबावर वाकले. सुलताना आणि वजीर यांनी तीन अनोळखी तोंडं पाहिली आणि डोकी आत घेतली. गाजराचा कीस तरंगत राहिला.

"ही जेवतात?" मन्नूबिया म्हणाली.

"जेवतात. बसा."

"काका, हे तर दगड आहेत."

"तुमची सावली पडतेय त्यांच्यावर. बाजूला व्हा. आणि बसा!"

बसले. ऊन तापलं. खमीसच्या टकलावर घाम आला. कासवं ढिम्म. लतीफ चुळबुळत म्हणाला, "मग रोजची थाळी रिकामी कोण करतं?"

"मी करतो!" काका उसळले. "जा, सांगा गावभर! एवढी वर्षं पाहिलंत मला, आणि तुमचा विश्वास एका कासवाच्या मानेवर लटकलाय? मी इथून हलणार नाही. तुम्हीही हलायचं नाही!"

तेवढ्यात महरेझिया जिना चढून आली. तिला राहवलं नाही.

"हा माणूस चोरून खाईल? अहो, जेवलेला माणूस असा रडतो का? दुपारपासून विचारतात, घड्याळ बंद पडलं का. शोरब्याचं झाकण उचलून वास घेतात आणि डोळे पुसतात. काल तर सूर्याला शिव्या दिल्या, मुद्दाम रेंगाळतो म्हणून."

"महरेझिया, पुरे."

"आणि रोज संध्याकाळी माझा फोन घेऊन न्हाणीत जातात, ते का?"

खमीस एकदम ताठ झाला. "थांबा. रोज संध्याकाळी मला एका बाईचा फोन येतो. नाव सांगत नाही. 'सूर्य बुडाला, तुमचं घड्याळ मागे आहे का?' एवढंच विचारते. घोगऱ्या आवाजाची बाई."

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी टबाकडे.

मग जे हसू फुटलं! मन्नूबिया चादरीत तोंड खुपसून हसली. लतीफ पोट धरून म्हणाला, "पटलं, काका, पटलं! एवढा भुकेला माणूस या गल्लीत दुसरा नाही!"

त्या गोंधळात सुलतानानं मान बाहेर काढली आणि एक अख्खी मासळी काट्यासकट मटकावली.

"अरे, बघा! ती बघा, खाल्लंन!" काका ओरडले. कोणी बघितलं नाही. मग त्यांनी एकट्यानंच तिची पाठ दाबून पाहिली. अंगठा आत गेला नाही.

"घड्याळ मागेच आहे तुझं," ते खमीसला म्हणाले.

त्या संध्याकाळी ताट पुन्हा तिजानीकाकांच्या हातात आलं. आणि बांग होईपर्यंत ताटातल्या खजुरांवर लक्ष ठेवायला खमीसनं शेजारी लतीफला उभं केलं.