नाव काढणाऱ्या कमलबाई

कमलबाई म्हात्रे भाताच्या खाचराची हजेरी घ्यायच्या. खोटं वाटेल, पण गव्हाण गावच्या बांधावर उभं राहून मी हे पाहिलंय. गुडघाभर चिखलात वीसेक माणसं वाकून लावणी करतायत आणि बांधावर एका हातात छत्री, दुसऱ्या हातात शंभरपानी वही, गळ्यात शिवणाची टेप, अशा थाटात बाई ओरडतायत, "बुधा पवार!"

मान वर न करता चिखलातून आवाज यायचा, "हाय!"

"हाय नाही! हजर म्हणायचं!"

"हजर हाय!"

शेतमालक कावायचा. "ओ बाय, मी यांना लावनीला आनलंय, शालेत नाय!"

"चालू द्या ना लावणी! हात तुमचे, कान माझे. सात चोक?"

"अठ्ठावीस!" अख्खं खाचर गरजायचं. त्यात मालकाचाही आवाज असायचा. मग लगेच त्याला आशीर्वाद, "नाव काढाल हो!"

हे बाईंचं पालुपद. वेळेवर आलेल्या एस्टीचा ड्रायव्हर, ताजी कोथिंबीर देणारी भाजीवाली, एका फटक्यात सुई ओवणारी पोरगी, सगळे नाव काढणार.

बाई आमच्या पनवेलच्या शाळेत शिवण शिकवायच्या आणि मी तिथला कारकून. नावं मीही काढायचो. पटावरची! डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं पावसाळ्यात लावणीला, दिवाळीनंतर भाजीच्या मळ्यांवर निघून जायची, पोरांसकट. पोरं महिनोन्महिने गैरहजर राहिली की मी पट्टी धरून लाल शाईची सरळ रेघ मारायचो. आधी घरी जाऊन चौकशी करायचा नियम होता. शेऱ्यात मी "घरी जाऊन चौकशी केली" असं लिहायचो. गेलो कधीच नाही. एकदाही नाही. हे आज पहिल्यांदाच कबूल करतोय.

लाल रेघ दिसली की बाई म्हणायच्या, "काढलंत नाव? जोशीभाऊ, तुम्ही फार मोठं नाव काढणार!"

आणि मी काढलेली नावं त्या आपल्या वहीत उतरवून घ्यायच्या. रविवार उजाडला की त्या पोरांच्या शोधात मळे पालथे घालायच्या. पोरं तरी कसली, पंधरा-सोळा वर्षांचे बाप्ये झालेले काही. टेपनं दोन रोपांमधलं अंतर मोजून बाई त्यांना भूमिती शिकवायच्या. हजेरीच्या शेवटी स्वतःचंच नाव पुकारायच्या, "कमल गोविंद म्हात्रे!" आणि बारीक आवाजात स्वतःच उत्तर द्यायच्या, "हजर, बाई!" शिक्षकांच्या खोलीत मी त्याची नक्कल करायचो. सगळे चहा सांडेपर्यंत हसायचे.

त्या वहीत यमुना वाघ होती. आठवीतून मीच काढलेली. ती सोळा वर्षांची झाली तेव्हा बाईंनी तिला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवायचं ठरवलं. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. अर्ज माझ्याकडे आला. मी जुना पट उघडला, तिच्या नावापुढचा माझाच शेरा वाचला आणि टरकलो. उद्या कोणी विचारलं, चौकशीला कोण गेलं होतं? अर्ज ड्रॉवरमध्ये गेला. "हेडमास्तरसाहेबांची सही राहिलीय," असं मी बाईंना तीनदा सांगितलं.

फॉर्मचा शेवटचा दिवस. तासभर उरलेला. बाई वही उघडून माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "यमुना वाघ!"

"हजर!" दारातून उत्तर आलं. मळ्यातून तशीच धावत आलेली, पायांना चिखल.

सगळं ऑफिस बघायला लागलं. बाईंनी आवाज खाली आणला. "यमुनाचा अर्ज?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "हजर." आणि मी ड्रॉवर ओढला.

मग जी पळापळ झाली! मी दाखला खरडला, शाई वाळायच्या आत साहेबांची सही घेतली. फॉर्म घेणारी शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि नेमकी रिक्षा मिळेना! पुढे यमुना, मागे टेप फडफडवत बाई आणि त्यांच्यामागे हातात शिक्का घेऊन मी, कारण तो मारायचाच राहिला होता! खिडकी लागत होती. बाईंनी फटीत छत्री खुपसली. मी तिथल्याच कट्ट्यावर धाडकन शिक्का उमटवला. फॉर्म आत गेला!

परतताना मी म्हणालो, "बाई, साहेबांची सही राहिली नव्हती."

"ठाऊक होतं. म्हणून तर हजेरी तुमच्या टेबलापाशी घेतली."

त्यानंतर मी माझ्या रेघा बघायला जुने पट काढून बसलो. तळाशी एका फार जुन्या पटात, माझ्या आधीच्या कारकुनानं मारलेली रेघ सापडली. इयत्ता तिसरी. कमल गोविंद म्हात्रे. शेरा: आईबापांबरोबर मिठागरावर.

नक्कल मी त्या दिवशी सोडली.

यमुना पास झाली. पुढच्या लावणीला गव्हाणच्या बांधावर मीही होतो. बाईंनी वही तिच्या हातात दिली. "घे, आज हजेरी तू." यमुनानं एकेक नाव पुकारलं, खाचरातून उत्तरं आली. शेवटचं नाव तिनं जरा थांबून घेतलं, "कमल गोविंद म्हात्रे!"

बाई टेपशी चाळा करत राहिल्या.

"थांब गं जरा," त्या म्हणाल्या. "आजवर मीच हाक मारायची आणि मीच ओ द्यायची."

मग मान खाली घालून, अगदी हळू, "हाय."

"हजर म्हणायचं, बाई," यमुना म्हणाली.