मास्तरांचं पोर रांगत नव्हतं

डोक्याचा रुमाल सोडून कोनाड्यात ठेवायचा, दोन्ही गुडघ्यांना जुन्या घोंगडीचे तुकडे सुताने बांधायचे, धोतर वर खोचायचं आणि दुसऱ्याच्या सोप्यात हातापायांवर रांगायला लागायचं, हा गुंडाप्पांचा रोजचा कार्यक्रम. वय पन्नाशीच्या पुढे. मिशा पांढऱ्या. पाठ मागावर बसून बसून वाकलेली, त्यामुळे रांगताना ते म्हाताऱ्या बैलासारखे दिसत. कुत्री त्यांना बघून भुंकत नसत, उठून बाहेर जात.

आमच्या वडगावच्या विणकर गल्लीत कुठलंही मूल आठ महिन्यांचं होऊन रांगेना, की गुंडाप्पा दारात हजर. बोलवायला लागत नसे. बायका त्यांच्यासाठी सोपा झाडून ठेवत आणि ते गेल्यावर तोंडाला पदर लावून हसत. मूल गोधडीवर बसलेलं असे. गुंडाप्पा त्याच्यासमोर गुळाचा खडा ठेवत, आणि मूल हलत नाही असं बघून स्वतःच रांगत जाऊन तो आणत. मूल टाळ्या वाजवी. गुंडाप्पा म्हणत, "टाळ्या नगंत रं मर्दा. गुडघं टेक. पोरानं जमीन वळकाय पायजे."

जमीन ओळखायला पाहिजे, हे त्यांचं सगळं शास्त्र. रांगून ज्याने जमीन ओळखली नाही, त्याचे पाय जमीन धरत नाहीत, आणि ज्याचे पाय धरत नाहीत त्याचं काय होतं, हे ते कधी सांगत नसत.

त्यांची एक गोष्ट वडगावात अजून सांगतात. गुंडाप्पा पोटच्या लेकीच्या लग्नाला गेला नाही, कारण काय, तर मास्तरांचं पोर रांगत नव्हतं. यावर लोक हमखास हसतात. ही गोष्ट मीही पुष्कळदा सांगितली आहे. तो मास्तर मीच. आता मी ऐंशीच्या घरात आहे आणि ती गोष्ट खोटी आहे.

मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो आणि त्या गल्लीत भाड्याने राहत होतो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीचे दिवस. माझा बाळू दहा महिन्यांचा झाला तरी रांगेना. पोटावर ठेवला तर लाकडासारखा पडून राही आणि रडे. बसवला की खुश. आमच्या आईचा दिवस शेजारच्या मुलांच्या हिशेबात जाई. अमक्याची सहाव्यात रांगली, तमक्याचा सातव्यात उंबरा ओलांडून बाहेर आला आणि त्याच्या आईने गल्लीत पुऱ्या वाटल्या. संध्याकाळी मी शाळेतून आलो की हे सगळं मला ऐकवलं जाई. माझी बायको इंदू ऐकून ऐकून वाळत चालली होती.

मी बाळूला बेळगावात एका डॉक्टरकडे नेलं. त्याने पाय ओढून पाहिले, हसला, म्हणाला, "काही मुलं रांगत नाहीत. एकदम चालतात. घरी जा." औषध दिलं नाही. औषध न देणाऱ्या डॉक्टरवर कोण विश्वास ठेवणार? मी घरी येऊन म्हणालो, त्याला काही समजत नाही.

एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. तिथले माग खड्ड्याचे. विणकर काठावर बसतो आणि पाय खाली सोडून खड्ड्यातल्या लाकडी पट्ट्या दाबतो. माग बंद असला की गल्लीतल्या बायका आपली पोरं त्या रिकाम्या खड्ड्यात उभी करून ठेवत. पडायची भीती नाही, चुलीकडे जायची भीती नाही. इंदू पाण्याला गेली की आमची घरमालकीणही बाळूला तिथेच उभा करी. तो छातीपर्यंत काठाला टेकून तासन्‌तास उभा राही आणि काठावर थापा मारी. म्हणजे आमचं पोर आठव्या महिन्यापासून उभं होतं. आम्ही सगळे त्याचे गुडघे बघत होतो.

गुंडाप्पांनी बाळूला हातात घेतलं तेव्हा मी त्यांच्यावर खुश नव्हतो. पण ते मलाही सोडत नसत. "मास्तर, बापानं रांगल्याशिवाय पोराला खरं वाटत न्हाय." मग शाळेच्या कोटासकट मी त्यांच्यामागून रांगे. एकदा आमचे हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले.

"काय मास्तर, काही हरवलंय का?"

मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. गुंडाप्पा न थांबता म्हणाले, "व्हय जी. पोराचं रांगणं हरवलंय. तुमीबी या, चार डोळ्यांपरास सहा बरं."

हेडमास्तर आले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी शाळाभर ते झालं.

गुंडाप्पा एकटे राहत. बायको गोदाक्का पंधरा वर्षांपूर्वी तान्ही पोरगी घेऊन निपाणीला भावाकडे निघून गेली होती. का गेली ते गल्लीला नीट माहीत नव्हतं. त्यांच्या घरात माग नव्हता. खड्डा बुजवून वर शेणाने सारवलेलं होतं. ते शेजारच्या एकाच्या मागावर मजुरीने विणत. विणकराने घरचा माग का मोडावा, असं कोणी विचारलं तर म्हणत, "जागा लागत हुती."

त्या वर्षी पौषात शिक्षकांच्या बैठकीसाठी मी निपाणीला गेलो. उतरलो होतो त्या घराशेजारी तंबाखूची वखार होती. तिथे काम करणाऱ्या एका बाईने मी वडगावचा म्हटल्यावर पाटी खाली ठेवली आणि जवळ आली. ती गोदाक्का. गुंडाप्पा कसे आहेत, जेवतात का, एवढंच तिने विचारलं. मग लांबवर बोट दाखवलं. सोळा वर्षांची एक पोरगी डोक्यावर तंबाखूचं ओझं घेऊन अंगण ओलांडत होती, झपाझप.

"तानी," गोदाक्का म्हणाली. "रांगली न्हाय ती एक दिवस. सतराव्या महिन्यात उठली आणि चालाय लागली. त्यास्नी सांगा मास्तर. माघात दशमीला लगीन हाय हितंच. मी लई वरसं राग धरला. आता बाप जिता असताना मामानं कशाला पोरीचा हात द्यावा? या म्हणावं."

"सांगतो की," मी म्हणालो.

मी घरी परतलो तेव्हा सोप्यात गुंडाप्पा रांगत होते, आणि त्यांच्यासमोर बाळूने आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही तळवे जमिनीवर टेकले होते. इंदूच्या डोळ्यांत पाणी होतं. गुंडाप्पा मला म्हणाले, "चार दिस. फकस्त चार दिस द्या मला."

मी निरोप सांगितला नाही. सांगितला असता तर ते त्याच पावली निपाणीला गेले असते, आणि बायको-पोरगी भेटल्यावर परत कशाला आले असते? बाळू आधी रांगू दे, मग सांगू, असं मी ठरवलं. न रांगलेली पोरगी ओझं घेऊन चालताना मी डोळ्यांनी पाहिली होती, तरी माझी खात्री पटली नाही. दुसऱ्याच्या मुलीचं उदाहरण आपल्या मुलाला लागू पडतं, असं कुठल्या बापाला वाटतं?

चार दिवसांत काही झालं नाही. आणि पौषातल्या अवसेला सूर्यग्रहण आलं.

पायांत जोर नसलेल्या पोराला ग्रहणात कमरेपर्यंत मातीत पुरतात, ही आमच्याकडची जुनी समजूत. आईने आदल्या दिवशीच परसात खड्डा काढून घेतला. मी दरवर्षी शाळेत फळ्यावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी काढून ग्रहण समजावून देणारा माणूस. मी आईला नको म्हणालो नाही. इंदू माझ्याकडे बघत राहिली आणि मी शाळेच्या वह्या तपासत राहिलो.

ग्रहण लागायच्या सुमारास आई बाळूला घेऊन परसात गेली, तर खड्ड्यात गुंडाप्पा बसलेले. मांडी घालून, छातीपर्यंत आत, डोक्याला रुमाल.

"गुंडू, ऊठ रं. गिराण लागालंय."

"लागू दे की आक्का. मी हितंच बसलोय."

"अरे, पोराला ठेवायचंय."

"जागा न्हाय."

"तुझे पाय धड हायत न्हवं?"

"धड हायत. म्हणून तर हितवर चालत आलो."

आईने शिव्या घातल्या. पाणी ओतीन म्हणाली. गुंडाप्पांनी बाजूची माती स्वतःच्या मांड्यांवर ओढून घेतली आणि डोळे मिटले. गल्ली कुंपणापाशी गोळा झाली आणि हसायला लागली. शेवटी आई थकून आत गेली. लोकही गेले. मी एकटा उरलो, तेव्हा ते डोळे न उघडता बोलले.

"मास्तर, माझी तानी चौदा म्हैन्यांची हुती. रांगत न्हवती. गिराणात मी तिला मागाच्या खड्ड्यात उभी केली आणि कमरंपतोर माती भरली. वरडून वरडून आवाज बसला पोरीचा. गोदानं गिराण सुटायच्या आधीच हातानं माती उकरून काढली तिला. मी गोदाला मारलं. म्हटलं, वाया घालवलंस समदं. दुसऱ्या दिशी ती पोरीला घिऊन गेली." मांड्यांवरची माती त्यांनी हाताने चापून बसवली. "पोरीला पाय आलं का न्हाय, ठावं न्हाय. इचाराय जायाचं तर कुठल्या तोंडानं? कुणाचं पोर रांगंना म्हटलं की मला ती माती दिसती. रांगलं की मग कोण पुरत न्हाय."

त्यांना हवं होतं ते उत्तर माझ्याकडे दोन आठवड्यांपासून होतं. मी म्हणालो, "नीट असेल. काळजी करू नका."

"तुमच्या तोंडात साखर पडू दे," ते म्हणाले. ग्रहण सुटेपर्यंत ते खड्ड्यातून उठले नाहीत. उठवायला दोघांना हात द्यावा लागला. पाय मुंग्या येऊन बधिर झाले होते.

अजूनही लग्नाला दहा दिवस होते. मी रोज सकाळी ठरवी की आज सांगायचं. मग वाटे, इतके दिवस का नाही सांगितलं असं ते विचारतील. दिवस जाईल तसं सांगणं अवघड होत गेलं. दशमीला गुंडाप्पा आमच्या सोप्यात गुळाचा खडा घेऊन रांगत होते. मी त्यांना चहा दिला.

त्यानंतर चौथ्या दिवशी बाळू भिंत सोडून उभा राहिला आणि तीन पावलं चालत इंदूच्या अंगावर पडला. रांगला तो कधीच नाही.

पौर्णिमेच्या सुमारास निपाणीहून गोदाक्काचा भाऊ आला. सांजवेळ होती, गल्ली दारांत बसलेली. मी बाळूला कडेवर घेऊन उभा होतो. मेव्हण्याने गुंडाप्पांना घराबाहेरच गाठलं.

"अक्षता पडंपतोर गोदा वाटंकडं बघत हुती. माणूस हायस का दगड?"

गुंडाप्पांना काही कळेना. "कुणाच्या अक्षता?"

"तुझ्या तानीच्या. चालत गेली मांडवात, बाप असून बिनबापाची."

"चालत?" गुंडाप्पा म्हणाले.

"चालत न्हाय तर काय रांगत जाईल? जल्मात कवा रांगली न्हाय ती. वडगावच्या मास्तराकडं निरोप धाडलाता. मिळाला न्हाय म्हण आता."

वडगावात मास्तर पाच-सहा होते. पण गुंडाप्पांनी मान वळवून माझ्याकडेच पाहिलं. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे. मग त्यांनी बाळूकडे पाहिलं. बाळू त्यांना बघून टाळ्या वाजवायला लागला होता.

"मिळालता," गुंडाप्पा म्हणाले. "सवड न्हवती. मास्तरांचं पोर रांगत न्हवतं."

सगळी गल्ली हसली. मेव्हणा खाली थुंकला आणि चालू लागला. मीही हसलो. न हसता उभा राहिलो असतो तर लोकांनी माझ्याकडे पाहिलं असतं.

गुंडाप्पा मेव्हण्याच्या मागून गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. ते विचारत होते, "पाय वडत न्हाय न्हवं? सरळ टाकती न्हवं पाऊल?" मेव्हणा मागे न बघता मोठ्या रस्त्याला लागला.

त्यानंतर ते कोणाच्या घरी रांगले नाहीत. लोक म्हणाले, आता वय झालं. निपाणीहून त्यांना पुन्हा बोलावणं आलं नाही. देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या हिवाळ्यात ते वारले. तोवर आम्ही रस्त्यात रोज भेटत होतो. ते म्हणत, "पोरगं बरं हाय न्हवं मास्तर?" मी म्हणे, बरं आहे. दोघांपैकी कोणी त्यापुढे गेलं नाही. गोष्ट मात्र गल्लीभर झाली होती आणि बैठकीत कोणी सांगितली नाही तर मीच सांगत असे.

निपाणीत तानी असेल तर ती आता म्हातारी झाली असेल. तिच्या ओळखीच्या कोणी हे तिला वाचून दाखवावं. तिच्या बापाला सवड होती. निरोप माझ्यापाशी होता.