दहा हजार सात फरश्या

क्रेसेन्सिओ कुआउत्लेने संत इसिद्रोला नवस बोलताना जरा घाईच केली. गावच्या प्रत्येक माणसाच्या नावाची एक फरशी, देवळापुढे चौकोनी अंगण, एकही फरशी तोडायची नाही, एकही बाहेर ठेवायची नाही! नवस फिटला नाही तर यंदाच्या जत्रेचं कारभारीपण खालच्या आळीकडे जाणार होतं. त्या मानासाठी क्रेसेन्सिओ बारा वर्षं ताटकळला होता.

भट्टीतून फरश्या निघाल्या दहा हजार सात. गवंड्याने शंभर-शंभरच्या रांगा मांडल्या, सात उरल्या. नव्वदच्या मांडल्या, सतरा उरल्या. तिसऱ्या दिवशी गवंडी रडकुंडीला आला, तेव्हा क्रेसेन्सिओ शाळेतल्या एउलालियाबाईंकडे धावला. बाईंनी दुपारभर भागाकार केले.

"कारभारी, या आकड्याला कशानेच भाग जात नाही. सगळ्या फरश्या एकाच रांगेत लावल्या तरच जमेल."

"एका रांगेत? बाई, मला अंगण हवंय, पायवाट नाही!"

"मग एक फरशी वाढवा. बहात्तर रांगा, प्रत्येकीत एकशे एकोणचाळीस. चोख बसतंय."

गावात नाव न दिलेला माणूस एकच, म्हातारा अबुन्दिओ तोश्की. एका अक्रोडाच्या झाडावरून जुळ्या भावाशी त्याचं हाडवैर. तो भाऊ, मकारिओ, वीस वर्षांपूर्वीच रागाने डोंगरापलीकडे राहायला गेलेला.

"देतो नाव," अबुन्दिओ गुरगुरला. "पण त्या मकारिओचं नाव ज्या अंगणात, तिथे मी लोळणार नाही. घे शपथ!"

क्रेसेन्सिओने छातीवर क्रूस काढून शपथ घेतली. मकारिओ येतोय कशाला इकडे?

आठवड्याने मकारिओ आला. काखेत स्वतःच्या नावाची भाजलेली फरशी.

"मी काय आभाळातून पडलो? याच गावात जन्मलोय. त्याचं नाव संताच्या पायाशी आणि माझं नाही, होय?"

नाही म्हणावं तर नवस मोडतो, हो म्हणावं तर शपथ. शिवाय आकडा झाला दहा हजार नऊ. क्रेसेन्सिओ तडक शाळेत धावला. बाईंनी पुन्हा पाटी घेतली.

"यालाही भाग जात नाही," त्या म्हणाल्या आणि चक्क हसल्या. "पण शंभर बाय शंभरचं अंगण करा. उरलेल्या नऊंचा तीन बाय तीनचा ओटा, देवळाच्याच जागेत, पार खालच्या विहिरीपाशी. दोन्ही चौकोनीच की! अबुन्दिओ इकडे, मकारिओ तिकडे."

क्रेसेन्सिओने बाईंचे हातच धरले. आता मकारिओच्या सोबतीला आठ नावं हवी होती. देवळापासून इतकं लांब कोण जाणार, या काळजीने त्याने ढोल वाजवून गावभर दवंडी पिटवली, कारणासकट.

संध्याकाळी विहिरीपाशी चारशे बारा माणसं रांगेत उभी होती. कुणाला शेजाऱ्यापासून सुटायचं होतं, कुणाला साडूपासून. पुल्के दारूचे घडे हातोहात फिरत होते.

रांगेत सर्वांत पुढे क्रेसेन्सिओची बायको ब्रिहिदा.

"पहिलं नाव माझं लिही," ती म्हणाली. "माझी फरशी तुझ्या आईच्या फरशीला खेटून आलीय."