परकारभाईंचा बिनआवाजी खेळ

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये एकदा कागद लागला. ‘येत आहे! येत आहे! तुफान, थरार आणि अश्रूंचा महापूर! फक्त तीन आठवडे!’ खाली बारीक अक्षरात ‘फ्लॅट ४०२’. चौकशी केल्यावर कळलं, परकारभाईंच्या सासूबाई रत्नागिरीहून येणार होत्या.

दाऊद परकार, मुक्काम दुबईतलं अल कुसैस, वय साठीला टेकलेलं. पोटासाठी एसीचे डक्ट विकतात, पण जीव अडकलाय शंभर वर्षांपूर्वीच्या मूकपटांत. खरं तर मूकपटांतही नव्हे, त्यांच्या जाहिरातींत. त्या काळी फिल्म कंपन्या थिएटरमालकांना एक पुस्तिका पाठवायच्या. अमुक मापाचं पोस्टर मागवा, पेपरात ही तयार जाहिरात छापा, जमल्यास दारात हत्ती उभा करा, अशा सूचना तिच्यात असायच्या. परकारभाईंकडे अशा पुस्तिकांची तीन कपाटं आहेत. चित्रपट मात्र चारच. बाकीचे कधीच जळाले नाहीतर कुजले.

“म्हणजे जो माल जगात नाही, त्याची जाहिरात तुम्ही जपून ठेवलीय,” मी एकदा म्हणालो.

“मोघेसाहेब, दुबईत राहून हे तुम्ही मला विचारता? अजून न बांधलेल्या टॉवरमध्ये फ्लॅट कोणी बुक केलाय?”

मी विषय बदलला.

‘आधी बोंब, मग बिंब’ हे त्यांचं ब्रीदवाक्य. कंपन्या तेव्हा एक चांगलं चित्र देताना थिएटरवाल्याच्या गळ्यात चार पडेल चित्रंही बांधायच्या. परकारभाईंनी ही पद्धत घरी आणली होती. बिर्याणीला बोलावलं की ती येण्याआधी चार पुस्तिका ऐकाव्या लागत, त्याही हावभावांसकट. “एवढी जाहिरात लग्नाआधी वाचली असती ना,” भाभी आतून म्हणायच्या, “तर मी थिएटरच बदललं असतं.”

आमच्या महाराष्ट्र मंडळाचा मी सेक्रेटरी. वार्षिक कार्यक्रमात मूकपट दाखवू, असं परकारभाईंनी सुचवलं आणि दुसरं कोणी काहीच सुचवत नसल्यामुळे ते मंजूर झालं. माझी मुलगी म्हणाली, “पप्पा, मूव्ही विदाउट साउंड? बट व्हाय?” समितीलाही हाच प्रश्न होता, पण समितीत प्रश्न विचारला की काम गळ्यात पडतं.

मग सुरू झाली बोंब. गाड्यांच्या काचांवर पत्रकं, ‘नायकाच्या मिशीत केस किती, ओळखा’ स्पर्धा, किराणा दुकानात पुठ्ठ्याचा हवालदार. इथवर ठीक होतं. पण पुस्तिकेत लिहिलं होतं की चित्र चोराचं असेल, तर थिएटरबाहेर खोटी चोरी घडवावी. परकारभाईंनी आमचे खजिनदार पाटणकर यांना पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातला, हातात पेटी दिली आणि हॉलच्या पार्किंगमध्ये पळवलं. मागून स्वतः शिट्टी फुंकत, “पकडा! चोर!”

खजिनदार पेटी घेऊन पळतोय, यात एकाही सभासदाला नाटक वाटलं नाही. चौघांनी त्यांना धरलं. हॉलचे गार्ड आले आणि त्यांनी पाटणकरांना जमिनीवर बसवलं. समजूत पटायला तासभर गेला. हॉलचा मॅनेजर म्हणाला, “खलास. नो प्रोग्राम.” अडीचशे माणसं वडापावची पाकिटं घेऊन परत गेली.

दुसऱ्या दिवशी समितीने परकारभाईंना मंडळातून काढलं. ई-मेल मी लिहिली. मंडळाची प्रतिष्ठा, सभासदांच्या भावना वगैरे जे शब्द आम्ही अशा वेळी वापरतो ते सगळे घातले. परकारभाई लिफ्टमध्ये भेटले तेव्हा मला वाटलं भांडतील. “मेल चांगली होती,” एवढंच म्हणाले, आणि त्यांचा मजला आला.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. गाडी गॅरेजमध्ये होती आणि प्रोजेक्टर अबू धाबीजवळ मुसफ्फाला न्यायचा होता. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. रविवारी दुपारी आम्ही निघालो. दीड तास ते एक शब्दही बोलले नाहीत, म्हणून मला ते आजारी वाटले.

गाडी कामगारांच्या कॅम्पवर थांबली. जेवणाच्या हॉलमध्ये बाक मांडलेले होते, भिंतीवर चादर ताणलेली. ना पोस्टर, ना पत्रक. तरी शंभरेक माणसं बसली होती. पठाण, नेपाळी, बंगाली, तमिळ, दोन-तीन आफ्रिकन. कॅम्प बॉसने मला सांगितलं, “हर महिने आता है. छह साल हो गया.”

चित्रात एक जाडा हवालदार बकरीच्या मागे धावत होता. सगळा हॉल एकाच क्षणी हसला. पडद्यावर संवादांच्या पाट्या आल्या की परकारभाई त्या वाचत नव्हते. त्या पटकन पुढे सरकवत होते. आणि ते पडद्याकडे बघतच नव्हते. बघत होते माणसांकडे.

“मंडळात कधी बोलला नाहीत हे,” मी म्हणालो.

“काय बोलायचं?” ते हळूच म्हणाले. “माझी पहिली नोकरी इकडेच, अबू धाबीच्या पार टोकाला, रुवैसला. एकोणिसाव्या वर्षी. खोलीत आम्ही सहा जण, तीन थाई, दोन कोरियन आणि मी. कोणाला कोणाची भाषा येत नव्हती. अकरा महिने मी खोलीत कोणाशी बोललो नाही, साहेब. त्यांतला एक कोरियन रोज संध्याकाळी डोक्याला टॉवेल बांधून फोरमनची नक्कल करायचा. नुसती चाल. आवाज नाही. आम्ही लोळायचो हसून. तो होता म्हणून मी पळून गावी गेलो नाही.”

“आता कुठे असतो?”

“एक दिवस ड्यूटीवरून आलो तर त्याचा पलंग मोकळा. बदली झाली असेल, घरी गेला असेल. कोणाला विचारणार? नावही माहीत नाही मला त्याचं. ते विचारायलाही भाषा लागते.”

चित्र संपलं. कोणीतरी बोट गोल फिरवून ‘पुन्हा’ अशी खूण केली. परकारभाईंनी यंत्र परत सुरू केलं. पुढच्या बाकावरचा एक म्हातारा पठाण मागे वळला आणि काही न बोलता थोडा सरकला. परकारभाई जाऊन त्याच्या शेजारी बसले.

मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. माझ्यासाठीही कोणीतरी सरकलं.