कंदुरीचं तिहेरी आवतन

"कंदुरीचं आवतन द्यायला घरोघर हिंडायचं कामच न्हाई, आबा," असं गोरक्षनाथनं बापाला जाहीर केलं आणि पुण्याच्या कंपनीतल्या नोकरीचा तोरा पुन्हा एकदा घरात मिरवला. रायभान आबांनी दर्ग्याला बोकडाचा नवस बोलला होता, त्याच्याच जेवणाची ही कंदुरी. एका बोकडात भागवायचं, म्हणून आवतन घरटी एकाच माणसाचं. आबांच्या पंगतीत आजवर रस्सा कमी पडला नव्हता आणि त्याच नावावर म्हातारा गावात ताठ मानेनं हिंडत होता.

घरोघर फोनवर ऐकवायला आबांच्या आवाजात आवतन रेकॉर्ड झालं: "रायभान बोलून राह्यलो. कंदुरीला घरटी एकानं या. येनार असाल तं एक नंबरचं बटन दाबा." हे फोन लावणारा प्रोग्रॅम चालवायचा कुठं? स्वतःचा सर्व्हर पोसण्यापेक्षा कामापुरतं भाड्यानं चालणारं सर्व्हरलेस प्लॅटफॉर्म घ्यावं, इथवर गोरक्षनाथचं आणि शेजारच्या अकिबचं एकमत होतं. पण समोर दोन प्लॅटफॉर्म होती. अकिब घरी बसून ॲप बनवायचा.

"पह्यलं घे," अकिब म्हणाला. "जागं व्हायला टाइम लावतं, पन एकदा फोन लावला की गप बसतं. दुसरं फास्ट हाय, बराबर. पन जवाब न्हाई आला तं पुन्हा लावतं."

"मंग चांगलंच की! कंपनीत आमी तेच वापरतो."

"कंपनीत समोर मशिनी असत्यात, गोरख. हितं मानसं हायेत."

"तू नको शिकवू मला," म्हणत गोरक्षनाथनं दुसरं घेतलं.

सकाळी फोन गेले. पण प्रत्यक्ष रायभान भाऊ बोलताना बटण कोण दाबणार? "रामराम भाऊ, येतो की! बोकड कितीक मोठं हाय?" असं गल्लीतला रखमाजी विचारत राहिला आणि फोन कटला. बटण दाबलं नाही, म्हणून प्लॅटफॉर्मनं पुन्हा लावला. मग आणखी एकदा. तिसऱ्या फोननंतर थांबायची अक्कल तेवढी त्याला होती. सगळ्या घरांत हीच गत. गोरक्षनाथनं फोन गेलेले पाहिले, किती वेळा गेले ते पाहिलं नाही.

दुपारी रखमाजी बायको, सुना, नातवंडं आणि पाहुणी आलेली मेव्हणी घेऊन हजर झाला. पाठोपाठ अख्खी गल्ली.

"काका, घरटी एक म्हनल्तं ना?" गोरक्षनाथनं रखमाजीला विचारलं.

"पह्यल्यांदा एक म्हनला रे. मंग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा फोन! एवढं आर्जव कोन करतं? तीनदा आवतन म्हंजी चूलबंदच की, आख्ख्या घरादाराला. आमी घरी चूलच पेटवली न्हाई."

गोरक्षनाथनं मोबाइल काढून पाहिलं: प्रत्येक घरी तीन फोन. आई जयवंताबाईंनी रश्शात कळशीभर पाणी ओतलं आणि वर ओंजळभर तिखट टाकलं. तेवढ्यात अकिब बगाऱ्या भाताची डेग घेऊन आला. "अम्मीनं चढवली," एवढंच बोलला. 'मी सांगितल्तं' असं तो म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला नाही, तेच गोरक्षनाथला जास्त झोंबलं.

भातामुळे पंगत निभावली, पण रश्शात तुकडा शोधावा लागत होता. कुजबुज सुरू झाली तसे आबा उठले.

"मंडळी, ही पोराची हौस! म्हनला, आबा, घरटी एक कशाला, चूलबंदच सांगू. थोडं कमीजास्त झालं तं सांभाळून घ्या."

कुजबुजीची वाहवा झाली. "लेक असावा तं असा!" म्हणत रखमाजीनं कुठून तरी टॉवेल-टोपी पैदा केली आणि भर पंगतीत गोरक्षनाथचा सत्कार केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अकिबनंसुद्धा, हातातली पळी खाली ठेवून.

गोरक्षनाथला लाजेनं वर बघवेना. शेवटी त्यानं टोपी काढली. "मंडळी, खरं म्हंजी..."

आबांनी टोपी त्याच्या हातातून घेतली, पुन्हा त्याच्या डोक्यावर दाबून बसवली आणि कानाशी पुटपुटले, "खरं उद्या सांग. आज लोकं जेवून राह्यलेत."